दार लावलं, पण दिवा विझला का?

आम्ही कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या बचत गटाच्या बायका. हातातलं काम चालू असू दे, फक्त कान इकडं द्या. जवळ वही-पेन असेल तर घेऊन बसा, कारण आज काही आकडे सांगणार आहोत.

आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. गाडीच्या आतला, छताला असतो तो छोटा दिवा. दार उघडलं की लागतो, लावलं की विझतो. एवढ्याशा दिव्यावर काय बोलायचं, असं आम्हालाही वाटायचं. पण याच दिव्यापायी आमच्या गटाचे चार हजार रुपये गेले, एक ऑर्डर हातची गेली आणि एका चांगल्या बाईवर आम्ही खोटा आळ घेतला. पैसे आणि ऑर्डर परत मिळवता येतात. तिसरी गोष्ट मनाला लागून राहिली, म्हणून आज बोलायला बसलोय.

आता गाड्या फक्त बाप्यांच्या राहिल्या नाहीत. आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना २०१७ साली सुरू झाली. गटातल्या सभासदांनी गाडी घ्यावी आणि खेड्यापाड्यातली प्रवासी वाहतूक करावी, हाच तिचा विचार. पिंक ई-रिक्षाच्या योजनेत आपलं कोल्हापूरही आहे. कुणाच्या गटाकडं मालाची व्हॅन आहे, कुणाकडं तीनचाकी आहे. गाडी आपली झाली की तिचं दुखणंही आपलं होतं. दुखणं कळत नसेल तर दुसरा सांगेल ते खरं मानायचं आणि मागेल तेवढे पैसे द्यायचे.

आमच्याकडं काय घडलं

आमचा गट कांदा-लसूण चटणी आणि मसाले करतो. चटणी पोचवायला आम्ही एक जुनी व्हॅन घेतली. गटातलीच एक ताई ती चालवते. दोन वर्षांपूर्वी तिनं लायसन काढलं. मंगळवार पेठेतल्या अरुंद गल्लीतून ती अशी गाडी काढते की बघत राहावं. मिरजकर तिकटीच्या गर्दीतही तिला आम्ही कधी घाबरलेली बघितली नाही.

एका सोमवारी पहाटे पाच वाजता गडहिंग्लजला माल न्यायचा होता. ताईनं किल्ली फिरवली. नुसता 'टक' असा आवाज आला आणि सगळं गप्प. बॅटरी उतरली होती. गल्लीतल्या पोरांनी धक्का मारला, गाडी चालू झाली. पण आठच दिवसांनी पुन्हा तेच. गॅरेजवाला म्हणाला, बॅटरी गेली, नवी टाका. चार हजार रुपये मोजून नवी टाकली.

पंधरा दिवस बरे गेले. मग शनिवारी संध्याकाळी सहाला गाडी लावली आणि सोमवारी पहाटे पाचला पुन्हा तोच 'टक' आवाज. नवी बॅटरीसुद्धा उतरली. त्या दिवशी माल वेळेत पोचला नाही आणि दुकानदारानं दुसरीकडून चटणी घेतली.

संध्याकाळी गटाची सभा बसली. सगळ्यांचा राग ताईवर. कुणी म्हणालं, आतला दिवा चालू ठेवून जात असेल. कुणी म्हणालं, रेडिओ लावून बसत असेल. ती बिचारी एकच सांगत होती, "मी दिवा घालवूनच गेलतो बघा, देवाशपथ." कुणी ऐकलं नाही. तिच्या मानधनातून पाचशे रुपये कापायचा ठराव झाला आणि प्रोसिडिंगमध्ये लिहिलाही गेला. तिनं सही केली, गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "उद्यापासून दुसरी बघा कुणीतरी." किल्ली तिथंच पडून राहिली. कारण गटात दुसरी कुणी गाडी चालवणारी नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या दोघी शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथं गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक वयस्कर मिस्त्रीकाका आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सगळी दारं लावून कुणी आत बसून बघितलंय का?"

कुणीच बघितलं नव्हतं. त्यांनी आमच्यातल्या एकीला गाडीत मागं बसवलं, सगळी दारं लावली, काचांवर पोती टाकून अंधार केला. आतून आवाज आला, "अहो, मागचा दिवा पेटलाय की!"

आमच्या व्हॅनला दोन दिवे आहेत. एक पुढं चालकाच्या डोक्यावर. ताई रोज तो बंद करून जायची, ती खरंच सांगत होती. दुसरा मागं, माल ठेवतो तिथं. तो डिकीच्या दारावर चालतो. चटणीच्या बरण्यांचे खोके वरपर्यंत रचलेले, म्हणून पुढून तो दिसत नव्हता. दिवसा उन्हात तर दिवा लागलाय हे कळतच नाही. डिकीचं दार लावलं तरी तो विझत नव्हता. पोती-खोके चढवता-उतरवता दाराच्या कडेचं एक रबरी टोपण कधीतरी निघून पडलं होतं. चार हजारांचं दुखणं त्या टोपणात होतं.

दिव्याला कसं कळतं, दार उघडलंय?

आता नीट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. घरातला फ्रिज आठवा. दार उघडलं की दिवा लागतो. चौकटीत एक बटण असतं, दार लागलं की ते दाबलं जातं आणि दिवा विझतो. गाडीतही तेच आहे. दाराच्या चौकटीत बोटाच्या पेरापेक्षा लहान अशी एक खुंटी असते. तिला पिन स्विच म्हणतात. दार लागलं की खुंटी आत दाबली जाते, दिवा विझतो. दार उघडलं की आतली स्प्रिंग खुंटीला बाहेर ढकलते, दिवा लागतो.

गाडीत आणि घरात एक फरक आहे. घरात दिव्याला दोन वायरी जातात. गाडीत बॅटरीची उणे बाजू गाडीच्या पत्र्यालाच जोडलेली असते. म्हणजे अख्खी गाडीच एक वायर झाली. याला मिस्त्री लोक 'अर्थ' म्हणतात. बहुतेक जुन्या गाड्यांत अधिकची वायर फ्यूजमधून दिव्यापर्यंत येते आणि पिन स्विच फक्त दिव्याची दुसरी बाजू पत्र्याला जोडतो किंवा तोडतो. म्हणून पिन स्विचच्या स्क्रूला गंज चढला तरी दिवा लागत नाही. आणि त्याची वायर सोलून पत्र्याला टेकली, तर दार लावलं तरी दिवा विझत नाही.

दिव्याच्या बटणालाही तीन जागा असतात. एका बाजूला कायम चालू, एका बाजूला कायम बंद आणि तिसरी जागा दाराची. दाराच्या जागेवर बहुतेक ठिकाणी 'डोअर' असं लिहिलेलं असतं किंवा दाराचं चित्र असतं. आपल्या गाडीत कुठली जागा कशाची, हे आजच बघून ठेवा. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. लेकरं मागं बसून बटण खेळतात, दिवा कायम बंदवर जातो आणि आपण म्हणतो दिवा गेला.

हात लावण्याआधी

आपण बायका आहोत, म्हणून ही गोष्ट आधी सांगतो. बॅटरीजवळ काम करताना धातूच्या बांगड्या, पाटल्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. मंगळसूत्र पदरात किंवा ब्लाउजच्या आत घ्या, पदर खोचा. बॅटरीची दोन टोकं सोन्याच्या किंवा लोखंडाच्या कशानंही जोडली गेली, तर तो दागिना क्षणात लालबुंद होतो आणि हात भाजतो. बारा व्होल्टनं करंट बसत नाही हे खरं, पण भाजतं नक्की.

बॅटरीजवळ विडी, काडी, निरांजन काही नको. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. आतलं पाणी म्हणजे ॲसिड असतं. हाताला लागलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्यात उडालं तर धूत राहा आणि दवाखाना गाठा.

दिवा खोलायचा असेल तर गाडी बंद करा, किल्ली काढा. वायरीला हात घालणार असाल तर बॅटरीची उणे वायर आधी सोडवा आणि जोडताना ती शेवटी जोडा. नव्या गाड्यांत छताच्या कडेला एअरबॅग असू शकतात. त्यांच्या वायरी पिवळ्या रंगाच्या असतात. पिवळ्या वायरीला, पिवळ्या जोडाला कधीही हात लावायचा नाही.

दिवा लागतच नसेल तर

आता वहीत लिहून घ्या. क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधी फुकटाचं बघायचं, मग खर्चाचं.

पहिलं, बटण 'चालू'वर करा. दिवा लागला? मग बल्ब चांगला आहे आणि फ्यूजही चांगला आहे. दुखणं दाराच्या पिन स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. एवढी एक गोष्ट कळली तरी बल्ब आणि फ्यूजचे पैसे वाचले.

दुसरं, 'चालू'वर करूनही लागला नाही, तर गाडीतला रेडिओ, घड्याळ चालतंय का बघा. पुष्कळ गाड्यांत आतला दिवा आणि रेडिओ एकाच फ्यूजवर असतात. दोन्ही गेले असतील तर संशय फ्यूजवर. फक्त दिवाच गेला असेल तर संशय बल्बवर.

तिसरं, बल्ब बघा. दिव्याचं प्लास्टिकचं झाकण चपट्या पेचकसाच्या टोकाला फडकं गुंडाळून हळूच उचकटायचं. आत बहुतेक वेळा एक लांबट बल्ब असतो, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या. काच काळी पडली असेल किंवा आतली तार तुटली असेल तर बल्ब गेला. दुकानात जाताना जुना बल्ब बरोबर न्या. लांबी ३१, ३६, ४१ मिलीमीटर अशी वेगवेगळी असते आणि ५ किंवा १० वॅटचा असतो. जेवढ्या वॅटचा होता तेवढाच घ्या. जास्त वॅटचा लावला तर उष्णतेनं झाकण वितळतं. आता जळत असलेला बल्ब चटका देतो, तो थंड होऊ द्या.

बल्ब चांगला दिसतोय पण लागत नाही, तर तो ज्या दोन पट्ट्यांत बसतो त्या बघा. त्या ढिल्या किंवा हिरवट झाल्या असतील. बारीक पॉलिश पेपरनं पुसा आणि बोटानं किंचित आत दाबा, म्हणजे बल्ब घट्ट बसेल. हे फ्यूज काढून ठेवूनच करा.

एलईडीचा दिवा नवा टाकला आणि लागला नाही, तर घाबरू नका. काढून उलटा करून बसवा. साध्या बल्बला सुलटं-उलटं नसतं, काही एलईडीला असतं.

चौथं, फ्यूज. फ्यूजचा डबा बहुधा स्टिअरिंगच्या खाली असतो. झाकणावर कुठला फ्यूज कशाचा, त्याचा नकाशा असतो. फ्यूज काढून उजेडात धरा. मधली तार तुटली असेल तर तो गेला. फ्यूजचा आकडा रंगावरूनही कळतो. लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. जो आकडा होता तोच टाकायचा. लाल गेला म्हणून घरात पडलेला हिरवा टाकला, असं करायचं नाही.

इथं जरा थांबतो. फ्यूजच्या जागी चांदीचा कागद गुंडाळून किंवा तार बांधून गाडी चालवणारे पुष्कळ आहेत. 'दादा, सध्या चालतंय की' असं ते सांगतात. मैत्रिणींनो, फ्यूज हा गाडीचा पहारेकरी आहे. वायर तापायच्या आधी तो स्वतः जळतो. पहारेकऱ्याला झोपवलं तर वायर तापते, वरचं प्लास्टिक पेटतं आणि आग छताच्या कापडाला लागते. गाडीत माणसं बसलेली असतात. नवा फ्यूज पुन्हा लगेच जळला तर तिसरा टाकू नका. कुठंतरी वायर पत्र्याला टेकली आहे, असा त्याचा अर्थ. तिथं मिस्त्रीकडंच जायचं.

दिवा विझतच नसेल तर

हे आमचं दुखणं, आणि पैशाच्या दृष्टीनं हेच जास्त वाईट. लागत नाही तो दिवा दिसतो, विझत नाही तो दिसत नाही.

आधी एक सोपी युक्ती. मोबाइलवर व्हिडिओ चालू करा, दिवे दिसतील असा फोन गाडीत ठेवा, सगळी दारं लावून लॉक करा आणि दोन मिनिटं बाहेर उभ्या राहा. मग व्हिडिओ बघा. नव्या गाड्यांत दार लावल्यावर दिवा थोडा वेळ राहून हळूहळू विझतो, तो दोष नव्हे. दोन मिनिटांनंतरही पेटलेला असेल तर काम निघालं. गाडीला जितके दिवे आहेत, तितके सगळे बघा. डिकीचा विसरू नका.

आता दार कुठलं ते शोधायचं. गाडी उभी करून एक-एक दार उघडा. बाकीची लावलेली असू देत. उघड्या दाराची खुंटी अंगठ्यानं पूर्ण आत दाबा. दिवा विझला नाही तर पुढच्या दाराकडं जा. ज्या दाराशी खुंटी दाबल्यावर दिवा विझतो पण दार लावल्यावर विझत नाही, तिथं खुंटी दाबली जात नाहीये. एकतर तिचं रबरी टोपण पडलंय, नाहीतर दाराचं बिजागर उतरलंय, नाहीतर दाराचा कडेचा रबर दबलाय. आमचं असंच होतं. सगळ्या खुंट्या दाबूनही दिवा जळत राहिला, तर एखादा स्विच आतून बिघडलाय किंवा वायर पत्र्याला टेकली आहे. पिन स्विच एका स्क्रूवर बसतो. तो काढला आणि वायर सुटी केली की दिवा विझला, म्हणजे तोच स्विच खराब. काढताना वायर चौकटीच्या भोकात आत पडू देऊ नका, तिला दोरा बांधून ठेवा. एकदा आत गेली की काढायला अर्धा दिवस जातो.

नव्या गाड्यांत खुंटी नसते. स्विच दाराच्या लॉकमध्येच असतो. तिथं दार उघडं ठेवून लॉकचा आकडा पेचकसानं दार लागल्यासारखा फिरवायचा आणि दिवा बघायचा. पण ध्यानात ठेवा, दार लावण्याआधी हँडल ओढून तो आकडा पुन्हा सोडवायचाच. नाहीतर दार आपटलं की लॉक मोडलं. अशा गाड्यांत समोरच्या पॅनेलवर 'दार उघडं' असं चित्र सारखं दिसत असेल, तर तोच पुरावा.

दिवा मध्येच लागतो, मध्येच जातो

खड्ड्यात गाडी आदळली की दिवा लुकलुकतो, हा लूज कॉन्टॅक्ट. बल्बच्या पट्ट्या घट्ट करा, पिन स्विचचा स्क्रू काढून गंज घासा आणि पुन्हा आवळा. पावसाळ्यातच दिवा बिघडत असेल तर पाणी कुठून येतंय ते आधी शोधा. गगनबावडा, राधानगरीकडच्या मैत्रिणींना हे जास्त भोगावं लागतं. दाराचा रबर फाटला असेल, टपावर कॅरियरचे स्क्रू मारले असतील, तिथून पाणी छतात शिरतं आणि दिव्यात उतरतं. दिव्याच्या झाकणात पाणी दिसलं तर फ्यूज काढा, दिवा वाळू द्या आणि गळती बंद करा. गळती तशीच ठेवून बल्ब बदलत राहिलात, तर दर पावसात एक बल्ब.

बॅटरीचा हिशोब

बचत गटाच्या बायकांना हिशोब सांगितला की पटतं, म्हणून हा हिशोब मांडतो.

आमच्या मागच्या दिव्याचा बल्ब १० वॅटचा. बॅटरी १२ व्होल्टची. १० भागिले १२ म्हणजे सुमारे ०.८३ अँपिअर. शनिवारी संध्याकाळी सहा ते सोमवारी पहाटे पाच म्हणजे ३५ तास. ३५ गुणिले ०.८३, झाले २९. आमच्या बॅटरीवर ३५ अँपिअर-अवर लिहिलंय. म्हणजे ३५ रुपयांच्या पाकिटातून २९ रुपये त्या दिव्यानं खर्च केले. उरलेल्या सहांत सेल्फ कसा उचलणार?

यातून आणखी एक गोष्ट कळते. रोज गाडी फिरत होती तेव्हा एका रात्रीत ११ तास दिवा जळायचा, म्हणजे ९ जायचे आणि दिवसा गाडी चालली की भरून निघायचे. म्हणून मधल्या दिवसांत गाडी चालू व्हायची आणि रविवारच्या सुट्टीनंतरच बंद पडायची. सोमवारीच का बंद पडते, हा प्रश्न सभेत कुणी विचारला असता तर ताईवर आळ आलाच नसता. आम्ही माणूस शोधत बसलो, वार बघितला नाही.

दोन-तीनशे रुपयांत साधा मल्टिमीटर मिळतो. गटानं एक घेऊन ठेवावा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.६ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली. १२.२ आला तर निम्मी. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४ यायला हवा. तेवढा आला तर गाडी बॅटरी भरतेय. इंजिन चालू असूनही बाराच्या घरातच राहिला, तर दुखणं दिव्यात नाही, चार्जिंगमध्ये आहे.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर वायरी सोडवून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशनं धुवा, पुसा, वायरी घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका.

मिस्त्रीकडं गेल्यावर काय बोलायचं

"लाइटचं काहीतरी बिघडलंय" असं सांगितलं की बिल वाढतं. आता असं सांगायचं, "चालूवर लागतो, दारावर लागत नाही. फ्यूज बघितला, चांगला आहे. मागच्या डाव्या दाराची खुंटी दाबली तरी फरक पडत नाही." मिस्त्रीला कळतं की या बाईनं बघितलंय. बदललेला जुना सुटा भाग परत मागा. तो गटाच्या डब्यात ठेवा, पुढच्या वेळी नमुना म्हणून उपयोगी पडतो.

आपल्या कोल्हापूरला हाताची विद्या नवी नाही. बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेऱ्याची वाट न बघता इथंच कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' चित्रपट काढला. उद्यमनगरातल्या ओतशाळा आणि लेथवर आजही तीच विद्या आहे. ती विद्या बायकांच्या हातात यायला कुणाची ना नाही, फक्त आपण झाकण उघडायला भ्यायचं नाही.

रात्रीच्या प्रवासातही हा दिवा आपल्या कामाचा. भाड्याच्या गाडीत बसण्याआधी दार उघडा, दिव्याच्या उजेडात आत कोण बसलंय, मागं काय आहे ते बघा आणि मगच बसा. आपली गाडी चालवताना मात्र तो बंद असावा. आतला उजेड समोरच्या काचेवर पडतो आणि अंधारातला रस्ता नीट दिसत नाही.

ठराव मागे घेतला

आता शेवटचं. त्या आठवड्यात आम्ही पुन्हा सभा बोलावली. मिस्त्रीकाकांनी शंभराच्या आत नवा पिन स्विच टोपणासकट बसवून दिला होता. जुनी बॅटरी आम्ही मोडीत दिली होती. ती कदाचित अजून वर्षभर चालली असती. ते पैसे गेले ते गेले.

पाचशे रुपये कापायचा ठराव मागे घेतला आणि 'गटाची चूक झाली' असं प्रोसिडिंगमध्ये लिहिलं. ज्या मावशी सभेत सगळ्यात मोठ्यानं बोलल्या होत्या, त्यांनीच किल्ली उचलून ताईच्या हातात दिली. ताई लगेच काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी गाडी चालवतो, पण आजपासून आणखी दोघींनी शिकायचं. मी एकटी असलो की सगळा दोष माझ्याच डोक्यावर येतो." तिचं खरं होतं. आता आणखी दोघींनी शिकाऊ लायसन काढलंय.

गाडीत एक वहीही ठेवली आहे. गाडी लावताना वेळ लिहायची, दिवे बघितले म्हणून सही करायची. मागचा दिवा विझला की नाही ते बघायला डिकीच्या काचेला खोक्यांमधून एक वीतभर जागा मोकळी ठेवतो. काही बिघडलं तर सभेत पहिला प्रश्न 'कुणी केलं?' असा विचारायचा नाही, 'कधी होतं, कुठल्या वारी होतं?' असा विचारायचा, हेही ठरलंय.

तुमच्या गटाकडं गाडी असेल तर आज संध्याकाळीच मोबाइलची युक्ती करून बघा. गाडी नसेल तर शेजारच्यांच्या गाडीवर करून दाखवा, त्यांचीही बॅटरी वाचेल.